आठ महिन्यांनंतर: गाडी ब्रेक मारते, पण का मारला ते सांगत नाही

गेल्या जूनमध्ये लेव्हल-२ अडासवाली (ADAS, म्हणजे चालवणाऱ्याच्या मदतीला स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक स्वतः सांभाळणारी यंत्रणा) गाडी घेतली. साडेनऊ हजार किलोमीटर झाले. रोज कोथरूड–हिंजवडी, महिन्यातून दोनदा एक्स्प्रेसवेने ठाण्याला आईकडे. मायलेज-सीटबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते स्टिअरिंग गाडीबरोबर वाटून घेण्याबद्दल.

एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात क्रूझ, म्हणजे पुढची गाडी बघून वेग आपोआप राखणारी सोय, झकास. १००ला लावलं की तिने टिपलेली पुढची गाडी स्क्रीनवर उमटते. ती गाडी हळू झाली की आपलीही होणार, हे आधीच समजतं, म्हणून धास्ती वाटत नाही.

लेन असिस्टचं, म्हणजे गाडीला लेनच्या पट्ट्यांमध्ये धरून ठेवणाऱ्या सोयीचं, तसं नाही. पट्टे दिसले की बारीकसं चिन्ह हिरवं, नाही दिसले की करडं. जुलैत कामशेतजवळ धो-धो पाऊस होता. पुढच्या ट्रकने उडवलेल्या पाण्यात कॅमेऱ्याला पट्टे दिसेनात. चिन्ह करडं झालं, आवाज काही नाही. मला पत्ता लागला तो स्टिअरिंग एकदम हलकं लागल्यावर, तेही ऐन वळणावर. वारज्याला बायपासवर खड्डा चुकवायला जावं तर स्टिअरिंग उलटं ओढतं. इंडिकेटर दिला की सोडतं. म्हणजे माझा इरादा तिला इंडिकेटरवरूनच कळतो. हे मॅन्युअलमध्ये आहे, पण गाडी ताब्यात देताना कुणी सांगितलं नाही.

सर्वांत वाईट अनुभव बालेवाडीचा. मेट्रोच्या बॅरिकेडपाशी रस्ता वळतो. पुढे सगळं मोकळं होतं आणि गाडीने करकचून ब्रेक मारला. मागचा दुचाकीवाला थोडक्यात वाचला. स्क्रीनवर दोन सेकंद लाल अक्षरं, ‘ब्रेक’. मला वाटतं वळणावरचा पत्रा तिला समोरचा अडथळा वाटला असावा, पण तो माझाच अंदाज. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप जोडला आणि म्हणाले, “फॉल्ट कोड नाही मॅडम, सिस्टीम ओके आहे.” अहो, बिघाड आहे असं मी म्हणतच नव्हते. तिने काय पाहिलं, एवढंच विचारत होते. लेव्हल २ म्हणजे जबाबदारी शेवटी चालवणाऱ्याचीच. मग कारण मला दाखवायला नको? ‘समोर अडथळा, उजवीकडे’ एवढे तीन शब्द आणि त्या क्षणाचा फोटो साठवून ठेवला तरी पुरे.

सध्या बायपासला आणि घाटात लेन असिस्ट बंद ठेवते. आपोआप ब्रेक मात्र चालूच, कारण कर्वेनगरला रिक्षाआडून एक शाळकरी मुलगा धावत आला तेव्हा माझा पाय पोचण्याआधी ब्रेक लागला होता.

पाचपैकी साडेतीन. टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा भर पावसात जा, आणि चिन्ह करडं होताना आवाज येतो का, ते ऐका.