सभासद होण्याआधीचे सहा रविवार

मी 31 वर्षे महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवले. त्यामुळे कुठल्याही वर्गात बसले की आधी शिकवणाऱ्याच्या हाताकडे लक्ष जाते. चर्चच्या सभासदत्वाच्या या वर्गात पाळकसाहेबांच्या एका हातात पवित्र शास्त्र होते, दुसऱ्या हातात मॅन्युअल, म्हणजे चर्चच्या विश्वासाचे आणि नियमांचे पुस्तक, आणि मागे फळा. प्रश्न विचारला की ते आधी उतारा काढायला लावायचे, तो कुणीतरी मोठ्याने वाचायचे, मग उत्तर. हा वर्ग इतरांनीही करावा असे मला वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

चर्च ऑफ द नाझरीन या प्रोटेस्टंट पंथाच्या, मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, हा वर्ग. रविवारची उपासना आटोपली की चहा, मग सव्वा तास, असे सहा रविवार. फी नाही. आम्ही नऊ जण होतो. मी गेले ती सुनेच्या सोबतीला. तिचे माहेर बुलढाण्याकडचे, तिकडे नाझरीन मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या. माझे घराणे नगरचे, अमेरिकन मराठी मिशनचे. ते मिशन 1813 साली मुंबईत आले आणि त्याच्या मंडळ्या पुढे, 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात गेल्या. माझा बाप्तिस्मा भायखळ्यात झाला, तीन महिन्यांची असताना, आजीच्या मांडीवर. पंधराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी.

या बाप्तिस्म्यावरूनच मला पूर्वी एकदा फार लागले होते. दोन वर्षांपूर्वी शेजारणीबरोबर मी एका वेगळ्या मंडळीत जाऊ लागले. गाणी मनापासून, प्रार्थना मनापासून. तिसऱ्या रविवारी मला बाजूला घेऊन सांगितले की तान्हेपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, पाण्यात बुडून पुन्हा घ्यावा लागेल, तोवर प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, नाही. कुठल्या वचनाच्या आधारे, असे मी विचारले. उत्तर आले, “ताई, वाद नको, आज्ञा पाळा.” आपल्या विश्वासाची कबुली देता येणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, या मताला मी हलके समजत नाही. 1527 साली झुरिकमध्ये फेलिक्स मान्झला त्यापायीच लिम्मत नदीत बुडवून मारले. माणसाने ज्यासाठी जीव दिला ते मत मला कुणीतरी समजावून सांगायला हवे होते. नुसते ‘पाळा’ म्हटल्याने आजीच्या मांडीवरची ती सकाळ पुसली गेल्यासारखे वाटले, आणि मी जाणे सोडले.

म्हणून इथे दुसऱ्याच रविवारी मी हात वर केला. पाळकसाहेबांनी विश्वासाच्या 16 कलमांपैकी बारावे वाचायला दिले. आईवडिलांनी किंवा पालकांनी विनंती केली, तर लहान मुलांचा बाप्तिस्मा करता येतो, आणि ख्रिस्ती शिक्षणाची हमी मंडळी देते. शिंपडून, ओतून किंवा बुडवून, कसाही चालतो. “तुमच्या घरच्यांनीच तो मागितला होता ना? आणि पंधराव्या वर्षी तुम्ही स्वतः कबुली दिलीत. मग पुन्हा कशाला?” इतकेच ते म्हणाले. त्या रात्री मला शांत झोप लागली.

इतिहासाचा तास एकच होता, तो दोन हवे होते. या चर्चचे संस्थापक फिनियस ब्रेझी यांनी लॉस एंजेलिसमध्ये गरिबांच्या वस्तीसाठी मंडळी उभी केली ती 1895 साली. त्याच वर्षी फेब्रुवारीत कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा इथे मुंबईत झाला होता. हा जोड मी वहीत समासात लिहून ठेवला, वर्गात कुणी सांगितला नाही. 13 ऑक्टोबर 1908 ला टेक्सासमधल्या पायलट पॉइंटला निरनिराळे गट एकत्र आले. तेव्हा नावात ‘पेंटेकॉस्टल’ हा शब्द होता. तो अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेच्या आवेशात अनोळखी भाषा, बोलण्याशी जोडला जाऊ लागला, तसा 1919 साली काढला. मला सर्वांत आवडले ते हे की स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा द्यायची तरतूद पहिल्यापासून आहे. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने हे ऐकून पेन खाली ठेवले आणि पुन्हा एकदा सांगा म्हणाली.

चौथा रविवार आचरणाचा. मला वाटते, वर्गाची खरी पारख तिथेच झाली. दारू, तंबाखू, जुगार, लॉटरी यांपासून दूर राहणे सभासदाकडून अपेक्षित आहे. एका बाईंनी विचारले, भिशी चालते का? चिठ्ठी तर आम्हीही काढतो. पाळकसाहेबांनी त्यांना पुढे बोलावून फळ्यावर बारा महिने मांडायला लावले. प्रत्येकीला तिचे पैसे परत मिळतात, चिठ्ठी फक्त क्रम ठरवते, कुणाच्या नुकसानावर कुणाचा फायदा नाही. बाईंनी स्वतःच निकाल दिला.

मग मागच्या बाकावरचा मुलगा बोलला. तो बारमध्ये वेटर आहे, घरात कमावणारा एकटा. मॅन्युअलमध्ये पिण्याबरोबर दारूच्या धंद्यापासूनही दूर राहायला सांगितले आहे. पाळकसाहेबांनी ते वाक्य जसेच्या तसे वाचले, सौम्य केले नाही. आणि लगेच म्हणाले, “याचे उत्तर मी इथे सगळ्यांसमोर देणार नाही. तुझ्या घरी येतो.” पाचव्या रविवारी तो मुलगा आला नाही. माझे चित्त वर्गात नव्हते. सहाव्याला आला, आईला घेऊन. कुणी काही विचारले नाही. नियमही ठेवायचा आणि पोरही ठेवायचे, हे शाळेत मला दर वेळी जमले नव्हते.

आता माझी अडचण. दहावे कलम संपूर्ण पवित्रीकरणाचे. नवा जन्म झाल्यानंतर देव आणखी एक कार्य करतो, विश्वासणाऱ्याचे अंतःकरण मूळ पापापासून, म्हणजे जन्मजात पापी वृत्तीपासून, शुद्ध करून प्रीतीने भरतो, अशी ही शिकवण, अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या परंपरेतली. त्यानंतर चुका होत नाहीत असे कुणी म्हणत नाही. मन दोन ठिकाणी वाटलेले राहत नाही, असा तिचा अर्थ पाळकसाहेबांनी लावला. मी नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय उघडला. जे करावेसे वाटते ते मी करत नाही, असे पौल स्वतः म्हणतो. त्यांनी आठवा अध्याय वाचायला सांगितला. घरी येऊन मी दोन्ही अध्याय तीनदा वाचले. या वयातही भावजयीबद्दलचा राग माझ्या मनातून जात नाही, तो देव या आयुष्यात मुळासकट काढेल, असे मला अजून म्हणवत नाही.

सभासद व्हायचे तर मंडळीसमोर उभे राहून या विश्वासाला ‘होय’ म्हणावे लागते. मतदानाचा हक्क त्यानंतरचा, तोही वयाच्या 15 वर्षांपासून. उपासनेला, प्रार्थनेला कुणीही यावे. विश्वास असेल त्याने प्रभुभोजनही घ्यावे. मी दोन महिने घेते आहे.

शेवटच्या रविवारी सून उभी राहिली. आवाज कापत होता, पण प्रत्येक ‘होय’ शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला. मी बसून राहिले. उपासनेनंतर पाळकसाहेबांना खरे कारण सांगितले. ते म्हणाले, “न पटता होय म्हणाला असता तर मला वाईट वाटले असते. पुढच्या वर्गाला पुन्हा बसा.”

नाव दिले आहे. कुणाला यायचे असेल तर मेगाब्लॉक बघून निघा, आणि जाड वही आणा. पहिल्या वेळी माझी बारीक वही चौथ्या रविवारीच संपली.