बीएस्सी बायोटेक, बीएस्सी मायक्रो की बीटेक बायोटेक? १२वीनंतर ठरवताना

निकाल लागला की दरवर्षी ओळखीतली दोन-चार मुलं तरी विचारतात, ताई बायोटेक घेऊ का. बहुतेकांचं सारखंच असतं, नीटला मार्क कमी पडलेत, रिपीट करायची तयारी नाही, बायोलॉजी मनापासून आवडते आणि कोणीतरी सांगितलंय की बायोटेकला स्कोप आहे. मी स्वतः बीएस्सी बायोटेक, मग एमएस्सी केलं, आता फर्मेंटेशनमध्ये, म्हणजे मोठ्या टाक्यांत सूक्ष्मजीव वाढवण्याच्या कामात आहे, त्यामुळे जे जवळून पाहिलंय ते सांगते. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, ग्रॅज्युएशन झाल्यावर लगेच कमवायला लागणार आहे का पुढे शिकता येणार आहे? घरी बसून आईबाबांशी हे मोकळेपणाने बोला, कारण माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

बीएस्सी बायोटेक म्हणजे खरं तर अर्धी डिग्री आहे असं समजा, उरलेली अर्धी एमएस्सीत. तीन वर्षांत बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मॉलिक्युलर बायोलॉजी, इम्युनॉलॉजी, टिश्यू कल्चर, बायोइन्फॉर्मॅटिक्स सगळ्याची ओळख होते पण कुठल्याच एका गोष्टीत हात बसत नाही. त्यात प्रॅक्टिकलचं सामान महाग, एन्झाइम महाग, किट महाग. आमच्या कॉलेजात पीसीआर मशीन (डीएनएच्या भरपूर प्रती काढणारं) तीन वर्षांत एकदाच चालू झालेलं पाहिलं, आम्ही वीस जण भोवती उभे आणि मॅडम बटणं दाबून दाखवतायत. टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षी, डीएनएचे तुकडे वेगळे करायच्या जेलमध्ये सॅम्पल भरायला मिळालं तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एकच वेल (जेलमधला छोटा खड्डा) आली, आणि पिपेटची टिप जराशी खाली गेली की जेल फाटतं हे मला तेव्हा कळलं जेव्हा माझंच सॅम्पल खालून निघून गेलं. दुसरा चान्स नव्हता, वेळही नव्हता आणि डीएनए पण संपला होता. एमएस्सीला गेल्यावर तेच जेल मी इतक्या वेळा लावलं की हात आपोआप स्थिर झाला. हा फरक मुलांना कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहितेय.

मायक्रोचं, म्हणजे मायक्रोबायोलॉजीचं, उलटं आहे. नाव तितकं भारी वाटत नाही, नातेवाईकांना समजावून सांगावं लागतं, पण हाताला काम भरपूर. निक्रोमच्या तारेचा लूप बर्नरमध्ये लालबुंद करायचा, थंड होऊ द्यायचा, प्लेटवर चार भागात रेघा ओढायच्या आणि प्रत्येक भागानंतर परत लूप तापवायचा. दुसऱ्या दिवशी ३७ डिग्रीच्या इन्क्युबेटरमधून प्लेट काढली की शेवटच्या भागात एकेकटी कॉलनी उभी दिसते, ती नाही दिसली तर परत करा. ग्राम स्टेनिंग (बॅक्टेरिया ओळखायला त्यांना रंग देणं) करून करून बोटं जांभळी होतात. याला खर्च कमी येतो म्हणून साध्या कॉलेजातसुद्धा पोरांना हे पन्नास वेळा करायला मिळतं, आणि फार्मा कंपनीच्या क्यूसी मायक्रोमध्ये, म्हणजे औषधांत जंतू नाहीत ना हे तपासणाऱ्या विभागात, नेमकं हेच लागतं. पाण्याचे सॅम्पल, क्लीन रूमच्या हवेच्या प्लेट, १४ दिवसांची स्टरिलिटी टेस्ट. इंटरव्ह्यूला ऑटोक्लेव्हचं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) विचारतात तेव्हा १२१ डिग्री, १५ पाउंड प्रेशर, १५ मिनिटं हे पाठ असून चालत नाही, आतली हवा आधी पूर्ण निघाली नाही तर काटा प्रेशर दाखवतो पण टेंपरेचर तेवढं चढलेलं नसतं हे माहीत पाहिजे. हे मायक्रोवाल्यांना माहीत असतं कारण त्यांनी ते रोज लावलेलं असतं.

नोकरीच्या जाहिरातीत बऱ्याचदा नुसतं बीएस्सी/एमएस्सी मायक्रोबायोलॉजी लिहिलेलं असतं, त्यात बायोटेकवाला अर्ज करतो आणि मग वाट बघत बसतो. सरकारी नोकरी डोक्यात असेल तर हे आधीच वाचून ठेवा. फूड सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेत बायोटेक्नॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी दोन्ही आहेत, तिथे काही अडत नाही. पण केंद्रीय विद्यालयात पीजीटी बायोलॉजी, म्हणजे ११वी-१२वीचा शिक्षक, व्हायचं तर बायोटेकचं एमएस्सी चालतं, फक्त ग्रॅज्युएशनला बॉटनी आणि झूलॉजी शिकलेलं असलं पाहिजे. यूपीएससीच्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या यादीत बॉटनी आहे, झूलॉजी आहे, केमिस्ट्री आहे, इंजिनीअरिंगची डिग्री आहे, बायोटेक हा विषय नाही. म्हणजे बीटेक बायोटेकवाला इंजिनीअर म्हणून बसू शकतो आणि नुसतं बीएस्सी बायोटेक झालेला अडकतो. विषय घेताना हे कोणाच्याच लक्षात येत नाही, नंतर फार लागतं.

फीचं थोडक्यात, बायोटेक बहुतेक कॉलेजात विनाअनुदानित असतं, मायक्रो बऱ्याच जुन्या कॉलेजात अनुदानित, एकाच बिल्डिंगमधल्या दोन वर्गांच्या फीमध्ये मोठा फरक निघतो. पावती दोन्हीकडची मागून बघा.

आता बीटेक. नावात बायो असलं तरी हे इंजिनीअरिंग आहे, पहिलं वर्ष मॅथ्स आणि फिजिक्सचं, आणि सीईटी सहसा पीसीएम ग्रुपची. समजा फ्लास्कमध्ये २५० मिली कल्चर शेकरवर मस्त वाढतंय. तेच बॅक्टेरिया हजार लिटरच्या टाकीत टाकले की गुदमरतात, कारण पाण्यात ऑक्सिजन विरघळतोच किती, लिटरला जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम, आणि ते तो बघता बघता संपवतात. वरून त्यांची स्वतःची उष्णता, टाकी मोठी होते तशी आतली उष्णता जास्त आणि बाहेर पडायला पृष्ठभाग त्या मानाने कमी. मग किती हवा सोडायची, पंखा किती आरपीएमला फिरवायचा, टाकीभोवतीच्या जॅकेटमधून किती थंड पाणी न्यायचं हे सगळं गणित आहे. मी ते नोकरीत लागल्यावर शिकले, सोबतच्या बीटेकवाल्यांना आधीपासून यायचं आणि पहिली दोन वर्षं मला ते जाणवत राहिलं. व्हॅक्सिन, इन्सुलिन, इथेनॉल, जिथे टाकी आहे तिथे या माणसांची गरज आहे. पण डेरिव्हेटिव्ह बघून पोटात गोळा येत असेल तर केवळ बीटेक शब्दासाठी जाऊ नका, चार वर्षं रोज त्रास होईल.

मुलींसाठी एक महत्त्वाचं. २०२४ पासून महाराष्ट्रात कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक कोर्सला गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. त्यामुळे बीटेक महाग म्हणून सोडून देणाऱ्यांनी आधी हे तपासा. शेतीत रस असेल तर लातूर आणि यवतमाळला कृषी विद्यापीठांची ॲग्रिकल्चरल बायोटेक्नॉलॉजीची कॉलेजं आहेत, तोही चार वर्षांचा कोर्स, आणि जळगावची टिश्यू कल्चरची केळी किंवा जालन्याचं बियाणं बघितलं तर आपल्याकडे या कामाची मुळं किती खोल गेलीत ते समजतं.

मग बीएस्सी बायोटेक कोणी घ्यावं? ज्याला संशोधनात जायचंय आणि एमएस्सीची तयारी एसवायपासून, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून, करायचीय त्याने, बिनधास्त. एमएस्सीच्या प्रवेश परीक्षांत आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर आहे, गॅट-बी आहे, आणि गॅट-बीमधून डीबीटीच्या (केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या) पाठिंब्याच्या कोर्सला गेलं तर स्टुडंटशिप, म्हणजे दरमहा पैसे, पण मिळते. फक्त या दोन्ही परीक्षांत १२वीच्या पातळीचं मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री येतं, म्हणून १२वीची पुस्तकं रद्दीत देऊ नका, मी दिली होती आणि नंतर जुन्या बाजारातून परत विकत घेतली. पुण्यात तर एनसीसीएस, एनसीएल, आयसर, एनआयव्ही एवढ्या सगळ्या संशोधन संस्था एका शहरात आहेत, उन्हाळ्यात ट्रेनिंगसाठी मेल करत राहा, वीस मेलला एक उत्तर येतं पण ते एक पुरतं.

आणि लगेच नोकरी हवी असेल तर मायक्रो घ्या, हे मी स्वतः बायोटेकची असून सांगतेय. मायक्रो करून पुढे बायोटेकमध्ये एमएस्सी करता येतं, कितीतरी जण करतात.

ॲडमिशनच्या आधी एक दिवस कॉलेजात जा, ऑफिसात नाही, लॅबमध्ये. टीवायच्या एखाद्या मुलीला तिचं जर्नल दाखवायला सांगा आणि विचारा यातलं तू स्वतःच्या हाताने किती केलंस आणि डेमो किती. लॅमिनार फ्लोजवळ (जंतुविरहित हवेत काम करायचं कपाट) गेलात तर आत स्पिरिटचा वास येतो का बघा, रोज वापर असेल तर येतो. पीसीआर मशीनशेजारी वापराची वही असते, तिच्यातली शेवटची तारीख वाचा.