रुसलेला स्टार: द्यायचा की ठेवायचा?

सकाळी मोबाइलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघून संभाजीनगरची आमची पोरं कोर्टवर येतात ती हाच वाद घेऊन: संघावर रुसलेला स्टार खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचा की ठेवायचा?

ठेवण्याच्या बाजूने लेकर्स संघाचा कोबी ब्रायंट. 2007 मध्ये त्याने उघडउघड ट्रेड (दुसऱ्या संघात पाठवणी) मागितला. लेकर्सनी दम धरला, फेब्रुवारी 2008 मध्ये त्याच्या जोडीला पाउ गसोल आणला. 2009 आणि 2010 ची विजेतेपदं त्यांचीच.

उलट सॅन अँटोनियो स्पर्सनी 2018 मध्ये रुसलेला कवाय लेनर्ड टोरांटोला दिला. टोरांटो पुढच्याच वर्षी चॅम्पियन! स्पर्सना बदल्यात डीमार डीरोझन मिळाला खरा, पण 2020 मध्ये सलग 22 हंगामांनंतर त्यांचं प्लेऑफ हुकलं. अडलेल्या मालकाला हळी-हंडरगुळीच्या बैलबाजारातसुद्धा भाव मिळत नाही.

करार दोन-तीन वर्षं उरला असेल तर मी ठेवीन, तगडा जोडीदार शोधीन. शेवटचं वर्ष असेल तर मात्र लगेच सौदा.