चिंक्वे तेर्रे की अमाल्फी? आधी सांगा, गाडी लागते का

गेल्या आठवड्यात धाकट्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, आम्ही दोघंच इटलीला निघालोय. रोम ठरलंय. पुढचे पाच दिवस समुद्राकाठी काढायचेत. वरची ती चिंक्वे तेर्रेची पाच गावं की खालचं अमाल्फी? तुम्ही दोन्ही पाहिलंत म्हणून विचारते."

मी म्हटलं, "भावोजींना घाटात अजून गाडी लागते का, ते आधी सांग."

ती हसली, पण मी गंमत करत नव्हते. फोटोंवरून या दोन किनाऱ्यांमध्ये निवड करता येत नाही. दोन्हीकडे डोंगराला चिकटलेली गुलाबी-पिवळी घरं, खाली निळंशार पाणी, वर द्राक्षं नाहीतर लिंबं. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही दोघं एकाच वर्षी, 1997 मध्ये गेले. खरा फरक आहे तो एका गावातून दुसऱ्या गावात कसं जायचं याचा. वर लिगुरियात, म्हणजे चिंक्वे तेर्रेच्या प्रांतात, रेल्वे आहे, खाली घाटरस्ता. बाकीचं बरंचसं त्यातून येतं.

आम्ही डोंबिवलीकर, त्यामुळे चिंक्वे तेर्रेत पोचल्या पोचल्या घरी आल्यासारखं वाटलं. एका टोकाला ला स्पेत्सिया, दुसऱ्या टोकाला लेवान्तो, आणि मध्ये ओळीने रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निलिया, वेर्नात्सा, मोन्तेरोस्सो. हंगामात गाड्यांची सारखी ये-जा असते आणि दोन गावांमधलं अंतर दोन ते पाच मिनिटांचं. खंडाळ्याच्या घाटात बोगदा संपून दरी दिसते न दिसते तोच पुढचा बोगदा येतो ना, अगदी तसंच; फक्त दरीच्या जागी समुद्र. हा लोहमार्ग 1874 मध्ये पुरा झाला. त्याआधी ही गावं डोंगरातल्या पायवाटांनी आणि होड्यांनीच जगाशी जोडलेली होती. आजही मोटारी गावाबाहेर वरच थांबतात, त्यामुळे गल्ल्यांत शांतता असते. म्हणजे पर्यटकांचा गलका सोडून. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच फलाटावरची गर्दी पाहून आमचे हे म्हणाले, "चल, आता चौथी सीट मागायची."

तिकिटाचं मात्र बघून घ्या. एवढ्याशा प्रवासालाही एका फेरीचे हंगामाप्रमाणे 5 ते 10 युरो पडतात. दिवसभरात तीन-चार गावं करायची असतील तर रेल्वेचा समावेश असलेलं चिंक्वे तेर्रे कार्ड घेतलेलं परवडतं.

आता अमाल्फी. तिथल्या रस्त्याचा क्रमांक 163, लांबी साधारण 50 किलोमीटर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. वरंधा घाटात दोन एसट्या समोरासमोर आल्या की जे होतं ते इथे दर दहा मिनिटांनी होतं. एक बस थांबते, दुसरी इंचाइंचाने मागे जाते, मधले स्कूटरवाले हॉर्न वाजवतात. ड्रायव्हरचं कौशल्य बघण्यासारखं असतं, ज्याला बघता येतं त्याला. मला येत नव्हतं. सोरेन्तोहून बस घेतली, कोणीतरी सांगितलं होतं म्हणून समुद्र दिसावा अशी उजवीकडची खिडकी पकडली, आणि तिसऱ्या वळणापासून मी डोळे मिटून अर्धं कापलेलं लिंबू नाकाशी धरून बसले. युरोपातला सर्वात देखणा म्हणतात तो रस्ता मी वासाने पाहिला. चूक माझीच, गोळी बॅगेत होती आणि बॅग बसच्या पोटात.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. हंगामात दिवसा नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यांप्रमाणे गाड्या सोडतात, आणि पार्किंगचे दर ऐकून कोणालाही गाडी लागेल.

यावर उतारा आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडला, तो नणंदेला पहिल्या दिवशीच सांगितला: सालेर्नोत राहा. नापोलीहून (म्हणजे नेपल्सहून) रेल्वेने पाऊण तासाच्या आत सालेर्नो. साधं, राबतं बंदर. पर्यटकांसाठी नटलेलं नाही, म्हणून खोल्याही अमाल्फीपेक्षा स्वस्त. तिथून लाँचने अमाल्फी अर्ध्या-पाऊण तासात, पोझितानो साधारण सव्वा तासात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. शिवाय पोझितानो समुद्रातूनच बघायचं गाव आहे. लाँच वळते आणि शिंपल्यासारखं ते सगळं एकदम उघडतं, मधोमध सांता मारिया आस्सुंता चर्चचा रंगीत फरशांचा घुमट. उतरून वर चढल्यावर फक्त दुकानं आणि पायऱ्या. मी तिथे दोन तासांपेक्षा जास्त राहणार नाही. लाँच साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, आणि समुद्र खवळला की त्या दिवशी बंद.

आता गुडघ्यांचा विषय, कारण पन्नाशीनंतर दोघांच्या सहलीत तिसरा प्रवासी तोच असतो.

चिंक्वे तेर्रेतलं कोर्निलिया कड्यावर, समुद्रापासून सुमारे 100 मीटर उंच. स्टेशन खाली. मध्ये लार्दारिना नावाच्या जवळजवळ 380 पायऱ्या. छोटी बस आहे, ती भरली की पायऱ्या. बाकीची चार गावं स्टेशनला लागूनच आहेत. मोन्तेरोस्सो तर बऱ्यापैकी सपाट, आणि वाळूचा खराखुरा किनारा तेवढाच. सामान घेऊन जाणाऱ्याने तिथेच राहावं. रिओमाज्जोरे ते मानारोला ही जेमतेम एक किलोमीटरची कड्यावरची वाट, 'प्रेमाची वाट' म्हणतात ती, 2012 मध्ये दरड कोसळून बंद झाली. आम्ही गेलो तेव्हा बंदच होती. 2024 मध्ये ती पुन्हा उघडली, आता वेळ आरक्षित करून तिकीट काढावं लागतं. तीच वाट फक्त सोपी. वेर्नात्सा ते मोन्तेरोस्सो साडेतीन किलोमीटर, पण दोन तास लागतात आणि शेवटचा उतार पायऱ्या-पायऱ्यांचाच. साध्या चपला घालून या वाटांवर गेलात तर दंड आहे, आणि तो योग्यच आहे असं मला एका सँडलवाल्या बाईंना उतरताना बघून वाटलं.

या वाटेवर मला सगळ्यात जास्त काय आवडलं, तर गडगे. कोकणात घातलेले असतात तसेच, चुना-माती न वापरता दगडावर दगड रचलेले. फक्त इथे ते पूर्ण डोंगरभर आहेत, पाण्यापासून शिखरापर्यंत, आणि प्रत्येक गडग्याच्या वर हातभर रुंद द्राक्षांचा मळा. तोडलेली द्राक्षं खाली आणायला एकाच रुळावरून चालणारी खेळण्यासारखी गाडी. गडगे सांभाळायला माणसं उरली नाहीत की डोंगर खाली येतो. 25 ऑक्टोबर 2011 ला मुसळधार पाऊस झाला तेव्हा वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सोच्या गल्ल्या चिखल-दगडांनी भरून गेल्या होत्या. माझ्या माहेरी सावंतवाडीकडे पडके गडगे रोजचेच आहेत, त्यामुळे मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले.

अमाल्फीकडे चालायचं तर 'देवांची वाट' आहे. बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत सहा-सात किलोमीटर, डोंगराच्या खांद्यावरून, खाली पूर्ण किनारा आणि लांब काप्री बेट. वाट फुकट आहे आणि माझ्या मते लिगुरियातल्या सगळ्या वाटांपेक्षा सरस. फक्त नोचेल्लेहून पोझितानोला पायी उतरायचं धाडस करू नका. 1700च्या आसपास पायऱ्या आहेत. तिथून बस मिळते.

पण चालायचंच नसेल तर? इथे पारडं अमाल्फीकडे झुकतं. खरं सांगायचं तर चिंक्वे तेर्रेत तिसऱ्या गावानंतर सगळी गावं सारखी वाटायला लागतात. वेर्नात्साचा छोटासा बंदर-चौक आणि मानारोलाचा संध्याकाळचा उजेड, एवढं बघितलं की न चालणाऱ्याचं काम झालं. दोन रात्री पुष्कळ. अमाल्फी एकेकाळी समुद्री व्यापाराचं स्वतंत्र राज्य होतं आणि ते अजून दिसतं: कॅथेड्रलच्या 62 पायऱ्या, अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला ओतलेली कांस्याची दारं, जुन्या गिरणीत हातकागद कसा करत ते दाखवणारं संग्रहालय. बोगद्यातून चार पावलं गेलं की आत्रानी. क्षेत्रफळाने इटलीतलं सर्वात लहान नगर, 0.12 चौरस किलोमीटर. तिथल्या चौकात मुलं फुटबॉल खेळत होती आणि आजी खिडकीतून ओरडत होती. वर साडेतीनशे मीटरवर रावेल्लो. 1880 मध्ये जर्मन संगीतकार वागनर तिथल्या व्हिला रुफोलोची बाग पाहून आपल्या ऑपेरातली जादूची बाग सापडली म्हणाला होता. आमच्या यांना वागनर माहीत नाही, तरी ते त्या कठड्यापाशी तासभर काही न बोलता बसले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ही घटना मी नोंदवून ठेवली आहे.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी माणसाचे हाल दोन्हीकडे होत नाहीत. लिगुरियात पेस्तो, म्हणजे बेझिलच्या पानांची परमेसान चीज घातलेली चटणी; अस्सल पद्धतीत पास्त्यासोबत बटाटा आणि फरसबीही असते. आणि फारिनाता, म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. आपलं बेसनाचं धिरडंच, हिरवी मिरची राहिलेलं. परमेसानमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं, कडक पाळणाऱ्यांनी पेस्तोबद्दलही विचारून घ्यावं. खाली नापोलीत मरिनारा पिझ्झा मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाहीच. मासे खाणाऱ्यांनी मोन्तेरोस्सोची अँकोव्ही खावी. ती आपल्या मांदेलीच्या कुळातली. अमाल्फी किनाऱ्यावरच्या चेतारात त्याच माशाचं मीठ घालून मुरवलेलं पाणी पास्त्यावर घालतात. वास येतो. मला आवडलं, यांना नाही.

किनाऱ्यासोबत शहर कुठलं पदरात पडतं, हेही बघायला हवं. चिंक्वे तेर्रेबरोबर फ्लोरेन्स येतं, अडीच तासांच्या आत. उफिझी कलादालन, मायकेलअँजेलोचा डेव्हिड (सोमवारी बंद), कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाच्या 463 पायऱ्या. सगळं नीटनेटकं, आरक्षण करून, रांगेत. मराठी माणसाने मात्र अर्धा दिवस काढून काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला जावं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लोरेन्समध्ये वारले, विशीतच. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, आणि 1874 मध्ये तिथे छत्रीखाली अर्धपुतळा उभारला गेला. शेजारच्या मोठ्या पुलाला लोक 'त्या भारतीयाचा पूल' म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक सायकलवाला आणि आम्ही दोघं, एवढेच होतो.

अमाल्फीबरोबर नापोली येतं. भुलेश्वरला सवयीने चालणाऱ्याला नापोलीची भीती वाटायचं कारण नाही: वाळत घातलेले कपडे, कोपऱ्याकोपऱ्यावर देव्हारे, त्यात मॅराडोनाही. सोबत पॉम्पेई, रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर. पॉम्पेईतल्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या चाकोऱ्या बघितल्यावर नापोलीच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून पॉम्पेई गाडलं गेलं, त्या राखेखालून 1938 मध्ये निघालेली हातभरापेक्षा लहान हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथे आहे, 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणतात तिला. यक्षी असावी असं आता बरेच अभ्यासक मानतात. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत. कदाचित जालना जिल्ह्यातून निघालेली ती बाई व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी कशी पोचली, याचा विचार करत मी तिच्यासमोर उभी होते आणि मागचे लोक पुढे सरका म्हणत होते.

ऋतूचंही सांगते. मे आणि सप्टेंबरअखेर दोन्हीकडे उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर लिगुरिया नको. तिकडे पावसाचा जोर तेव्हाच असतो आणि इशारा आला की वाटा बंद करतात. त्या दिवसांत नापोली-पॉम्पेई तरी हाताशी राहतं, लाँच बंद झाल्या तरी. ऑगस्टचं नाव काढू नका, अख्खी इटली तेव्हा समुद्रावर असते.

नणंदेला मी म्हटलं, तुमचा प्रवास रोमहून आहे. नापोली वेगवान गाडीने तासा-सव्वातासावर, ला स्पेत्सियाला तीन-चार तास. पाच रात्री आहेत आणि डोंगर चढायची हौस दोघांपैकी एकालाच. म्हणजे अमाल्फी; पण मुक्काम सालेर्नो, प्रवास लाँचने, रावेल्लोपुरतीच बस, त्याआधी अर्धा तास गोळी. फ्लोरेन्स किंवा मिलानहून जाणार असता आणि दोनच रात्री असत्या, तर डोळे झाकून पाच गावं सांगितली असती.

"कळलं, कळलं," म्हणाली.

काल तिने बुकिंगचा स्क्रीनशॉट पाठवला. पोझितानो, पाच रात्री, समुद्र दिसणारी खोली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रस्त्यापासून 140 पायऱ्या, लिफ्ट नाही. मी त्या ओळीभोवती लाल गोल काढून परत पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर नाही.