पेंटबॉल मार्करला बाहेरचा स्टॉक: नऊ महिने वापरल्यावर

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या पेंटबॉल मार्करला, म्हणजे खेळात रंगाच्या गोळ्या मारायच्या गॅसवरच्या बंदुकीला, बाहेरून घेतलेला स्टॉक (खांद्याला टेकवायचा मागचा दांडा) बसवला. मार्कर ०.६८ कॅलिबरचा, ब्लोबॅक जातीचा, म्हणजे सुटलेल्या गॅसवरच पुढच्या गोळीसाठी तयार होणारा. आता दिवाळी होऊन गेली. मधल्या काळात दोन सिअर (ट्रिगरने सुटणारी खीळ), एक गाइड पिन (स्प्रिंग आतून सरळ धरणारी सळई) आणि मूठभर ओ-रिंगा (गॅस अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलून झाल्या. त्यातलं निम्मं सामान चांगलं होतं, मी उगाच काढून टाकलं. ज्यांच्या मार्करला असा स्टॉक आहे त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचा ग्रुप पन्हाळ्याच्या वाटेवर एका मित्राच्या शेतात खेळतो. ऊस तुटला की मोकळं रान मिळतं, आडोशाला जुने ड्रम आणि टायर असतात. स्टॉक घेतला तो खांद्याला आधार मिळावा म्हणून. तो मिळतो, यात वाद नाही. उभं राहून नेम धरताना हात थरथरत नाही, गुडघ्यावर बसून तर फारच बरं वाटतं. पण मास्क घातल्यावर गाल स्टॉकला टेकत नाही, त्यामुळे सरळ दांड्याचा स्टॉक घेतला तर मान वाकडी करावी लागते. खाली उतरता आणि लांबी कमी-जास्त होणारा घ्या. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: गॅसची टाकी मुठीखालून मागे जाते आणि नेमकी स्टॉकला आडवी येते. मला रिमोट लाइन (टाकीपासून मार्करपर्यंतचा लांब पाइप) घेऊन टाकी कमरेला लावावी लागली. तो खर्च आधीच धरा.

आता बिघाडाकडे येतो.

हा मार्कर आतून साधा आहे. मागचा बोल्ट, म्हणजे आत पुढे-मागे सरकणारा लोखंडी दंडगोल, सिअरवर अडकून मागे थांबलेला असतो. ट्रिगर ओढला की सिअर खाली जातो, स्प्रिंग बोल्टला पुढे फेकते, बोल्ट गॅस सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर आपटतो. सुटलेला थोडा गॅस गोळीला पुढे ढकलतो, थोडा बोल्टला परत मागे ढकलून सिअरवर अडकवतो. स्प्रिंगचं मागचं टोक एंड कॅपवर, म्हणजे मार्करच्या मागच्या झाकणावर, टेकलेलं असतं. बाहेरचा स्टॉक बसवताना हीच एंड कॅप काढतात आणि तिच्या जागी स्टॉकचा खुंट येतो. माझं सगळं दुखणं त्या खुंटात होतं आणि मी ते जूनपर्यंत ओळखलं नाही.

पहिली खूण पहिल्याच दिवशी मिळाली होती. क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) वेग २७५ फूट प्रति सेकंद असायचा तो ३०५ दाखवायला लागला. मी म्हटलं, ऊन वाढलंय. ते कारण अगदीच खोटं नव्हतं. २१ अंशाला टाकीतल्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) दाब साधारण ८५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो आणि ३१ अंशाला हजाराच्या वर जातो. कोल्हापुरात मार्चच्या दुपारी टाकी उन्हात राहिली तर वेग चढणारच. मी वेग कमी-जास्त करायचा व्हेलॉसिटी स्क्रू फिरवून वेग २८० च्या आत आणला आणि विषय सोडून दिला. पण पुढच्या आठवड्यात सकाळी सातला, गार हवेतही आकडा खाली आला नव्हता, त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मार्चच्या शेवटी तीस-चाळीस गोळ्यांनंतर मार्कर परत कॉक होईना, म्हणजे बोल्ट मागे जाऊन सिअरवर अडकेना. मग उलटंच सुरू झालं: एकदा ट्रिगर ओढला की तीन-चार गोळ्या आपोआप सुटायच्या. बोल्ट जेमतेम सिअरपर्यंत पोहोचतो आणि घसरून पुन्हा पुढे जातो, त्याचं हे लक्षण. गॅस कमी पडला किंवा मागच्या बोल्टची ओ-रिंग सुकली तरी असंच होतं, म्हणून मी टाकी भरून आणली, ओ-रिंग बदलली, तेल सोडलं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सिअर काढून बघितला तर त्याची धार गोल झालेली. नवा घातला, मे महिन्यात तोही गोल.

जूनमध्ये पावसाने खेळ थांबला तेव्हा टेबलावर पांढरं फडकं टाकून मार्कर पूर्ण उघडला. मागचा बोल्ट ट्यूबलाइटखाली धरला तर डाव्या अंगाला नखाएवढ्या रुंदीचा चकचकीत पट्टा, आणि उजवी बाजू जशीच्या तशी काळी. त्यावरून बोट फिरवलं तर कड लागत होती. गाइड पिन काचेवर ठेवून लोळवली, ती डुगडुगत गेली. म्हणजे बोल्ट एका बाजूला घासत होता आणि पिन वाकली होती.

ते सगळं घेऊन उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पेंटबॉल कधी पाहिलेला नव्हता. जुनी एंड कॅप आणि स्टॉकचा खुंट शेजारी ठेवून व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "भावा, ह्यो दोन मिलिमीटर जास्त आत जातोय बघ. आणि त्वांड बी तिरकं हाय. स्प्रिंगला सरळ उभारायला जागाच न्हाई, ती काय करणार?"

उत्तर तिथेच मिळालं. खुंट लांब म्हणून स्प्रिंग जास्त दाबली गेली, व्हॉल्व्हवर फटका जोरात बसला आणि वेग चढला. त्याच दाबलेल्या स्प्रिंगमुळे बोल्टला मागे यायला जागा कमी पडली आणि सिअर झिजला. तोंड तिरकं म्हणून पिन वाकली. त्यांनी खुंट लेथवर धरून तोंड सरळ केलं, जादाचे दोन मिलिमीटर काढले, पॉलिश पेपर मारला. पंधरा मिनिटांचं काम होतं. नवी पिन आणि तिसरा सिअर घालून गणपती झाल्यावर खेळायला लागलो. क्रोनो पुन्हा २७५ ते २८० मध्ये आहे आणि आजतागायत एकदाही आपोआप गोळी सुटलेली नाही.

त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं: स्टॉक बसवल्यावर काहीही बिघडलं तर आधी स्टॉक काढा, मूळ एंड कॅप लावा आणि शंभर गोळ्या मारून बघा. मी हे मार्चमध्ये केलं असतं तर दोन सिअर वाचले असते. मूळ कॅप फेकू नका. उघडण्याआधी गोळ्यांचा हॉपर काढा, टाकी काढा, मोकळ्या दिशेला ट्रिगर ओढून आतला गॅस संपवा, आणि हे सगळं मास्क घालूनच. टाकी जोडलेली असताना एकही स्क्रू सोडवायचा नाही.

रिसीव्हरचे (मार्करच्या मुख्य धडाचे) मागचे स्क्रूही बघत राहा. स्टॉकचा सगळा झटका त्यांच्यावर येतो. ते आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. एक बाजू आधी घट्ट केली की खुंट तिरका बसतो. निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरे. जोर लावून आवळले तर आटे जातात, आमच्यातल्या एकाचे गेलेत.

काही बिघाड मात्र स्टॉकच्या माथी मारू नका. गोळी सुटते त्या नळीतून गॅस गळत असेल तर व्हॉल्व्हचं सील बघा. टाकीच्या तोंडाशी सूं आवाज येत असेल तर तिथली ओ-रिंग गेली. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. नळीत गोळ्या फुटत असतील तर बॉल लॅच (गोळी आधीच पुढे घरंगळू न देणारा अडसर) तुटलाय का बघा, आणि पावसाळ्यात गोळ्याच बघा. त्यांचं कवच जिलेटिनचं असतं, आपल्याकडच्या जुलैच्या हवेत ते मऊ पडून फुगतं. मी आता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

स्टॉक ठेवणार आहे. घेताना मात्र जुनी एंड कॅप खिशात न्या आणि दुकानातच खुंटाशी मापून बघा.