पीएलबी, वापरानंतरचा अनुभव: यंत्र चोख, बॅटरीच्या तारखेने मात्र घाम काढला

पीएलबी म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, ट्रेकमध्ये संकट आलं तर उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारं हातातलं यंत्र. माझ्या यंत्राच्या मे महिन्यातल्या सेल्फ टेस्टला, म्हणजे यंत्राने स्वतःच केलेल्या तपासणीला, हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. त्यानंतर विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि कुरिअर या तिघांशी जी झटापट झाली, त्यासाठी हे लिहितोय. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाकडे जाणारा इशारा, ५ वॉट ताकद, जीपीएस, किमान २४ तास प्रक्षेपण या गोष्टी वाचणाऱ्याला ठाऊक आहेत असं धरतो. कंपनीचं नावही देत नाही, कारण पुढे आहे ते बहुतेक सगळ्याच पीएलबींना लागू पडतं.

खोक्यावर बॅटरी ६ वर्षांची असं ठळक छापलेलं असतं. ही वर्षं सहसा बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, बॅटरी कारखान्यात बसली त्या महिन्यापासून मोजतात. यंत्राच्या पाठीवर नखाएवढ्या लेबलवर महिना आणि साल असतं, तीच खरी मुदत. आपल्याकडे या वस्तूचा खप कमी, त्यामुळे माल गोदामात पडून राहतो. माझ्या यंत्रावर विकतानाच पावणेतीन वर्षं उरली होती, आणि विक्रेत्याने ते ना बिलावर लिहिलं ना तोंडी सांगितलं. यंत्राची किंमत ३८ हजार, भागिले सहा म्हणजे वर्षाला सव्वासहा हजारांच्या आसपास. तेच ३८ हजार पावणेतीन वर्षांवर पसरले की वर्षाला पावणेचौदा हजार होतात. दुपटीहून जास्त! विकत घेताना या लेबलचा फोटो आधी मागवा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. किमतीत घासाघीस करायचीच असेल तर उरलेल्या महिन्यांवर करा.

आता सोलापूरच्या उन्हाबद्दल, कारण लाल दिव्याचं मूळ बहुधा तिथेच आहे. पीएलबीत रिचार्ज न होणारे लिथियम सेल असतात. सावलीत ते वर्षानुवर्षं टिकतात, उष्णतेत आपोआप उतरण्याचा वेग वाढतो. आणि नुसते उतरत नाहीत, त्यांचा आतला रोधही वाढतो. ५ वॉटचा सिग्नल सोडताना अर्ध्या सेकंदासाठी मोठा करंट लागतो, तेव्हा थकलेल्या सेलचं व्होल्टेज खाली बसतं. एरवी यंत्रावरचा दिवा लख्ख लागतो, आणि खऱ्या कामाच्या वेळी यंत्र मान टाकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि बऱ्याच पीएलबींची साठवणीची कमाल मर्यादा ७० अंशांच्या आसपास असते. ट्रेकचा हंगाम संपला की सॅक आहे तशी माळ्यावर टाकायची ही सर्रास पद्धत आहे. वर पत्रा असेल तर पीएलबीसाठी याहून वाईट जागा नाही. यंत्र सॅकमधून काढून खालच्या मजल्यावर, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा. फ्रीजमध्ये अजिबात नको, बाहेर काढलं की दव धरतं.

सेल्फ टेस्ट महिन्यातून एकदा पुरे, प्रत्येक टेस्ट बॅटरी खाते. या टेस्टमध्ये ४०६ वर जो संदेश जातो त्यावर टेस्टची खूण असते, त्यामुळे बचावयंत्रणा तो सोडून देते. मात्र १२१.५ मेगाहर्ट्झवरही क्षणभर सिग्नल जातो आणि तो विमानांच्या रेडिओवर ऐकू येऊ शकतो. म्हणून टेस्ट यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत करायचा संकेत आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्या घड्याळात साडेअकरा ते अकरा पस्तीस, साडेबारा ते बारा पस्तीस अशी. जीपीएस टेस्ट वेगळी असते, ती बऱ्याच यंत्रांत आयुष्यभरात मोजक्याच वेळा करता येते. ती हंगामाच्या सुरुवातीला एकदा, मोकळ्या मैदानात.

लाल दिवा लागला की पुढचा प्रश्न यंत्र पाठवायचं कसं. उपकरणात बसवलेली लिथियम मेटल बॅटरी ही वाहतुकीच्या नियमांत यूएन ३०९१, वर्ग ९, म्हणजे धोकादायक माल. काउंटरवर खरं सांगितलं की पार्सल परत हातात. ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू’ एवढंच लिहून ढकलून द्या, असा सल्ला सर्व्हिस सेंटरवाल्यानेच फोनवर दिला. तो ऐकू नका. पार्सल तपासणीत अडकतं, शिवाय दाबादाबीत बटण सुरू झालं तर खोटा इशारा थेट बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरपर्यंत जातो. सोलापूरकरांसाठी सरळ उपाय म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. सकाळी मुंबईत उतरायचं, यंत्र स्वतः हातात द्यायचं, पावती घ्यायची. ही कामं करणारी मंडळी मुळात ईपर्बचं, म्हणजे जहाजांवरच्या अशाच इशारायंत्रांचं, सर्व्हिसिंग करतात, एखाद्या ट्रेकरचं एकुलतं एक यंत्र त्यांच्या रांगेत शेवटी लागतं. जायच्या आधी बॅटरी किट हजर आहे का ते ईमेलवर विचारा. फोनवरच्या ‘आहे, आहे’ला काही किंमत नाही.

यंत्रावरची पाच वर्षांची वॉरंटी बॅटरीला लागू होत नाही, हे तिथे गेल्यावर कळवण्यात आलं. बदलायचा खर्च १७ हजार. पैसे देणारच असाल तर चार गोष्टी लेखी घ्या. ४०६ ची फ्रिक्वेन्सी आणि पॉवर मोजल्याचा रिपोर्ट. १२१.५ चा सिग्नल तपासल्याची नोंद. कवच उघडलं म्हणजे ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, नवी बसली पाहिजे आणि गळती तपासणी झाली पाहिजे, त्याची नोंद. आणि यंत्राचा १५ अक्षरी ओळखक्रमांक आधी जो होता तोच आहे, याचा छापील पुरावा. मला पहिल्यांदा नुसतं बिल टेकवलं गेलं. रिपोर्टसाठी तीन ईमेल आणि एक चढ्या आवाजातला फोन लागला.

रिपोर्ट येईपर्यंत मी हा अनुभव ‘बॅटरी बदलू नका, नवीनच घ्या’ या सल्ल्याने संपवणार होतो. तो सल्ला आता देत नाही. १७ हजारांत नव्या तारखेची सहा वर्षं मिळाली, म्हणजे वर्षाला तीन हजारांच्याही आत. पॉवरचा आकडाही नव्या यंत्रासारखाच आहे. जुन्या यंत्रात जीपीएसच नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे नवीन घ्या. नव्या काही मॉडेलमध्ये गॅलिलिओ या युरोपच्या उपग्रह यंत्रणेची रिटर्न लिंक असते, संदेश पोहोचल्याची पोच यंत्रावरच्या दिव्याने मिळते. ही सेवा २०२० पासून चालू आहे. पाय मोडून दरीत पडलेल्या माणसाला त्या दिव्याचा फार आधार वाटेल. पण त्याचा अर्थ इशारा पोहोचला एवढाच, माणसं निघाली असा नाही. तेवढ्यासाठी चालू यंत्र मोडीत काढणं मला पटत नाही.

त्या १५ अक्षरी क्रमांकावर थोडा जास्त वेळ घालवतो. त्याच्या सुरुवातीलाच देशाचा कोड दडलेला असतो. भारताचा कोड ४१९. स्थान पाठवणाऱ्या पीएलबीवर क्रमांक ३४६ किंवा ३४७ ने सुरू होत असेल तर यंत्र भारतासाठी कोड केलेलं आहे. २डीसी किंवा २डीडी असेल तर अमेरिकेचं, १डी० किंवा १डी१ असेल तर ब्रिटनचं. परदेशातून कुणी भेट म्हणून आणलेली यंत्रं बहुतेक अशीच निघतात. ती इथे सिग्नल देत नाहीत असं नाही. स्थान कळलं की इशारा आपल्या हद्दीतल्या केंद्राकडे येतोच. पण मालक कोण, कुठे गेलाय, घरचा नंबर काय, ही माहिती परदेशातल्या यादीत शोधावी लागते. कोड बदलणं सर्व्हिस सेंटरचं काम आहे, घरी होत नाही. बॅटरी बदलायला यंत्र उघडणारच आहेत तर त्याच वेळी करून घ्या. शिवाय बिनतारी उपकरण बाहेरून आणायला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, तीही आणण्याआधी. थुराया आणि इरिडियम या उपग्रह फोन सेवांवर चालणारी साधनं तर परवान्याशिवाय बाळगणंच आपल्याकडे गुन्हा आहे, त्या इरिडियमवर चालणाऱ्या संदेशयंत्रांमुळे विमानतळांवर माणसं अडकली आहेत. सुरक्षा तपासणीत पीएलबी आणि ती यंत्रं सारखीच दिसतात. नोंदणीचा कागद पीएलबीच्या पिशवीतच ठेवा.

नोंदणी होते इस्रोच्या बेंगळुरूतल्या मिशन कंट्रोल सेंटरकडे, आयएनएमसीसीकडे. उपग्रहांचे सिग्नल घेणारी आपली केंद्रं बेंगळुरू आणि लखनौला आहेत. नोंदणी नुसती कागदी बाब का नाही, ते दरीत कळतं. सांदण दरीसारख्या चिंचोळ्या घळीत किंवा नळीच्या वाटेवर आकाशाची पट्टीच दिसते. जीपीएसला पुरेसे उपग्रह मिळत नाहीत. वर फिरणाऱ्या उपग्रहांवरून जागा काढायची तर तेही एकाच वेळी अनेक दिसावे लागतात. भूस्थिर उपग्रह मात्र महाराष्ट्रातून दक्षिणेला, सत्तर अंशांच्या आसपास उंच असतो, त्यामुळे तो अशा ठिकाणीही सिग्नल पकडू शकतो. अडचण एवढीच की तो एका जागी स्थिर असल्यामुळे यंत्र कुठे आहे हे स्वतः काढू शकत नाही. अशा वेळी केंद्राच्या हाती फक्त तुमचा क्रमांक असतो. मग नोंदणीतल्या नंबरवर फोन जातो, आणि तो ०८० ने सुरू होणाऱ्या अनोळखी लँडलाइनवरून येऊ शकतो. आजकाल असे फोन कोण उचलतं? ज्यांचे नंबर दिलेत त्यांना हे समजावून सांगा आणि केंद्राचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये नावाने सेव्ह करून द्या. त्यांच्याकडे प्रत्येक ट्रेकची वाट, गावं, उतरायची वेळ आणि सोबत कोण हे लिहिलेलं असू द्या. ‘हरिश्चंद्रगड’ एवढं पुरत नाही. पाचनईकडून, खिरेश्वरकडून की नळीच्या वाटेने, हे हवं.

प्रत्यक्ष वापरायची वेळ आली तर आधी जागा बघा, मग बटण. शक्य असेल तर कड्याच्या पोटातून चार पावलं बाहेर, आकाश जास्त दिसेल अशा धोंड्यावर. अँटेना पूर्ण उलगडा, अर्धी उलगडलेली अँटेना पॉवर वाया घालवते. ती उभी ठेवा आणि जीपीएसच्या भागावर हात येऊ देऊ नका, घाबरलेला माणूस यंत्र मुठीत आवळतो. बटण दाबल्यावर पहिला संदेश जायला साधारण ५० सेकंद लागतात, पुढे दर ५० सेकंदांनी एक. काही होत नाही असं वाटून बंद-चालू करत बसू नका. सुरू केलं की मदत येईपर्यंत सुरूच ठेवा. १२१.५ चा सिग्नल जवळ आलेल्या पथकासाठी असतो, पण तो पकडायला दिशाशोधक लागतो. सह्याद्रीत सगळ्यात आधी पोहोचतात ते पायथ्याच्या गावातले लोक आणि स्वयंसेवी बचाव गट, त्यांच्याकडे तो असेलच असं नाही. शिट्टी आणि हेडटॉर्च हवीच. सोबत्याच्या मोबाइलला कुठल्याही कंपनीची एक काडी दिसली तरी ११२ ला फोन लावा.

चुकून सुरू झालं तर लगेच बंद करून केंद्राला कळवा, नुसतं बंद करून गप्प बसू नका. तिकडे शोध सुरू झालेला असू शकतो. वापर कितीही थोडा झाला तरी बॅटरी बदलूनच पुढच्या ट्रेकला न्या, कारण २४ तासांची हमी पूर्ण बॅटरीवरची आहे.

हिमालयात नेणार असाल तर यंत्र सॅकच्या वरच्या खिशात नको, जॅकेटच्या आत ठेवा. नेहमीची क्लास २ यंत्रं उणे २० अंशांपर्यंतच काम करायला बनवलेली असतात. आणि कधीतरी हे यंत्र मोडीत काढायचं ठरलं तर ते तसंच भंगारवाल्याला देऊ नका. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी काढून घ्या, बॅटरी ई-कचऱ्यात द्या आणि आयएनएमसीसीला क्रमांक कळवून नोंदणी रद्द करा. नाहीतर भंगाराच्या ढिगात बटण दाबलं जाईल आणि मध्यरात्री फोन तुमच्या घरी येईल.