पीएफ ट्रान्सफर करून देणारे कन्सल्टंट: फी कशाची आणि काम किती?

'पीएफ काढून मिळेल, ट्रान्सफर करून मिळेल' ही पाटी आता पीएफ ऑफिसशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानापासून इन्स्टाग्रामपर्यंत सगळीकडे दिसते. हे परीक्षण फक्त ट्रान्सफरच्या, म्हणजे जुन्या कंपनीतला पीएफ नव्या कंपनीच्या खात्यात आणून देण्याच्या सेवेचं. निकाल आधीच सांगतो: केस सरळ असेल तर एक रुपयाही देऊ नका. गुंता असेल तर जरूर द्या, पण टक्केवारीने कधीच नाही.

सरळ केसमध्ये कन्सल्टंट करतो काय? तुमचा यूएएन (सगळ्या नोकऱ्यांना मिळून असलेला एकच पीएफ क्रमांक) आणि पासवर्ड घेऊन ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर जातो, 'ऑनलाइन सर्व्हिसेस'मध्ये 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट' उघडतो, जुना मेंबर आयडी (जुन्या कंपनीतला खाते क्रमांक) निवडतो, नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्हालाच विचारतो आणि सबमिट करतो. झालं काम. ईपीएफओ याचे काही पैसे घेत नाही. आधार, पॅन, बँक खातं असं सगळं केवायसी जुळलेलं असेल, तर नव्या कंपनीने पहिल्या महिन्याची वर्गणी भरली की बहुतेक वेळा ट्रान्सफर आपोआप सुरू होते. म्हणजे काही जण तर आपोआप होणाऱ्या कामाचे पैसे मोजतात.

अर्ज अडकतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं, जुन्या कंपनीने 'डेट ऑफ एक्झिट', म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. 'व्ह्यू'मध्ये 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा, तो रकाना रिकामा दिसला की समजायचं. शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले असतील तर 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मधून ती तारीख स्वतः टाकता येते. तारीख शेवटच्या वर्गणीच्याच महिन्यातली हवी आणि ती नंतर बदलणं कटकटीचं असतं, तेव्हा रिलीव्हिंग लेटर समोर घेऊनच बसा. दुसरं, नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नाही. लग्नानंतर बदललेलं आडनाव आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग हे नेहमीचे गुन्हेगार. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल, तर जानेवारी २०२५ पासून ही दुरुस्ती कागदपत्रांशिवाय सभासदाला स्वतःच करता येते. त्याआधीच्या यूएएनला जॉइंट डिक्लरेशन (सभासद आणि कंपनीने मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज) आणि कंपनीची मंजुरी लागते. तिसरं, दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या असतात. निव्वळ तेवढ्यावरून ट्रान्सफर नाकारू नये, असं ईपीएफओने २०२५ मध्ये आपल्या कार्यालयांना कळवलं आहे. अर्ज त्याच कारणाने परत आला तर याच मुद्द्यावर ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.

आता फीबद्दल. टक्केवारीचा हिशेब कागदावर मांडून बघा. जुन्या खात्यात ४ लाख असतील आणि माणूस ५ टक्के मागत असेल, तर त्या एका फॉर्मचे २०,००० रुपये होतात. रक्कम ४० हजार असो की ४ लाख, काम तेवढंच असतं. टक्केवारीचा खरा धोका मात्र वेगळा आहे. ट्रान्सफरमध्ये तुमच्या हातात रोकड येत नाही, त्यामुळे फी वसूल करणं त्याला अवघड जातं. मग सल्ला येतो, "ट्रान्सफर कशाला? काढूनच टाका. नाहीतर तीन वर्षांनी व्याज बंद होईल." ही भीती जुन्या नियमावरची आहे. आज तरुणपणी नोकरी सोडलेल्याच्या खात्यावर ५८ व्या वर्षापर्यंत व्याज मिळत राहतं. उलट सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी ५० हजार किंवा त्याहून जास्त काढले, तर पॅन असतानाही १० टक्के टीडीएस कापला जातो. ट्रान्सफर केली की जुन्या कंपनीतली तीन आणि नव्या कंपनीतली तीन मिळून सहा वर्षं धरली जातात. शिवाय १०सी हा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले की पेन्शन मिळायला लागणाऱ्या दहा वर्षांत ती सेवा धरली जात नाही.

याच पेन्शनवरून आणखी एक फी उकळली जाते. ट्रान्सफरनंतर पासबुकात कर्मचारी आणि मालक हे दोन्ही हिस्से येतात, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं. 'पेन्शन अडकलं, सोडवून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पेन्शनची रक्कम खात्यातून खात्यात जातच नाही, जातो तो सेवेचा कालावधी.

पैसे देण्यासारख्या केस कोणत्या? जुन्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल (म्हणजे पीएफ कंपनीच सांभाळत असेल) तर पैसे आणि 'ॲनेक्शर के' हा जुन्या खात्याचा व सेवेचा तपशील देणारा कागद हे दोन्ही ट्रस्टकडून यावे लागतात, आणि दुसरा कागद मागे राहिला की महिनोन्महिने काही हलत नाही. कंपनी बंद पडली असेल तर जॉइंट डिक्लरेशन राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीकडून साक्षांकित करून प्रादेशिक कार्यालयात द्यावं लागतं. २०१४ च्या आधीची, यूएएन नसलेली खाती शोधून जोडणंही कटकटीचं असतं. इथे जाणकार माणूस फेऱ्या वाचवतो. ठरलेली एकरकमी फी बोला, निम्मी काम झाल्यावर द्या आणि ट्रॅकिंग आयडी स्वतःकडे ठेवा. पासवर्ड देऊ नका. ओटीपी सांगायची वेळ आली तर शेजारी बसून स्क्रीन बघत सांगा, आणि त्याने स्वतःचा मोबाइल नंबर तुमच्या यूएएनला जोडायचा म्हटलं तर तिथूनच उठा.

त्याआधी एकदा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरणाऱ्या 'निधी आपके निकट' या ईपीएफओच्या शिबिरात जाऊन बघा. सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट, आधार आणि नाकारलेल्या अर्जाचा शेरा सोबत न्या. ट्रस्टच्या केसमध्ये 'ॲनेक्शर के' पोचलं की नाही हे तिथल्या टेबलावर फुकट कळतं.